साडूंनी अडवलेलं जहाज

साडू हे मोठं अवघड नातं आहे. रक्ताचं नाही, मैत्रीचं नाही आणि निवडून घेतलेलं तर मुळीच नाही. एकाच सासऱ्यांच्या घरी शेजारशेजारच्या पाटांवर बसायचं, एकमेकांना 'राव' लावून बोलायचं आणि दुसऱ्याच्या वाटीत श्रीखंड किती पडलंय ते तिरक्या डोळ्यांनी बघायचं, एवढाच काय तो व्यवहार. माझे साडू निशिकांतराव माझ्यापेक्षा चांगले पाच-सहा वर्षांनी लहान आहेत. तरी अहो-जाहो कधी चुकलेलं नाही, ना त्यांच्याकडून ना माझ्याकडून. भांडतानासुद्धा नाही. आणि एकदा आम्ही कडाडून भांडलोय, म्हणून तर हे लिहायला बसलो.

मी पद्माकर, जहाजावर इंजिनिअर. घर ठाण्याला, पण माझी बायको संजीवनी म्हणते की मी तिथे पाहुणचाराला येतो. तिची धाकटी बहीण शुभदा सिंगापूरला असते, बुकित बातोकमध्ये, अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. तिचे यजमान ते निशिकांतराव. आमच्या जहाजांवरची माणसं बऱ्याचदा सिंगापुरातच बदलतात. अशा वेळी जहाजावर चढण्याआधी कंपनीच्या बंदरावरच्या एजंटने दिलेल्या हॉटेलात उतरायचं सोडून मी मेहुणीकडे मुक्काम ठोकतो. हॉटेलात गादी मऊ असते, पण पिठलं मिळत नाही.

निशिकांतराव हा गृहस्थ तपासण्यासाठीच जन्माला आलेला आहे. शुभदाने गॅस बंद केला की हे जाऊन बटणाला हात लावून येणार. कुलूप लावून सगळे लिफ्टपाशी पोचले की हे मागे वळून कुलूप ओढून बघणार. खालच्या कॉफीशॉपमध्ये 'कोपी ओ कोसोंग' मागायची, म्हणजे काळी, बिनसाखरेची कॉफी, आणि काउंटरवरच एक घोट घेऊन साखर नसल्याची खात्री करून मगच टेबलाकडे यायचं. काउंटरवरची चिनी आंटी आता त्यांना लांबून बघितलं की आपण होऊनच चमचा पुढे करते. त्यांची मुलगी गार्गी दहा वर्षांची, इथल्याच शाळेत वाढलेली. आम्ही सगळे लिफ्टचं दार धरून उभे असताना ती मला म्हणायची, "बाबा ऑलवेज लाइक दॅट लाह, काका," आणि खुशाल भिंतीला टेकून उभी राहायची. आम्हां जहाजावरच्या लोकांना घाई फार. मला त्या वेळी निशिकांतरावांना उचलून लिफ्टमध्ये टाकावंसं वाटायचं.

गोष्ट दोन हजार पंधराच्या अधिक आषाढातली. अधिक महिन्यात जावयाला तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं हा आमच्या सासूबाईंचा नेम. माझं वाण मला डोंबिवलीत, सासरीच मिळालं, आणि धाकट्या जावयाचं पत्र्याच्या डब्यात भरून, वरून सुतळी आवळून, त्यांनी माझ्याबरोबर धाडलं. बुकित बातोकला पोचल्यावर निशिकांतरावांनी डबा देवापुढे ठेवला, डोंबिवली साधारण जिकडे असेल तिकडे बघून नमस्कार केला आणि मग वर्तमानपत्र पसरून त्यावर एकेक अनारसा मोजून ठेवला. बत्तीस भरले. शुभदा चिडली. आईने स्वतः मोजून दिलेत, आईवर विश्वास नाही का, असं तिने विचारलं.

"त्यांच्यावर आहे," निशिकांतराव म्हणाले. "पण ही सुतळीची गाठ त्यांची नाही. डबा मध्ये कुठेतरी उघडलाय. उघडलेला डबा पुन्हा मोजावा."

गाठ माझी होती, चांगली पक्की खलाशी गाठ, आणि तेहतिसावा अनारसा विमानात माझ्या पोटात गेला होता. मी चहाचा कप तोंडाला लावला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

संध्याकाळी आम्ही दोघं पाय मोकळे करायला जवळच्या तळ्याकडे गेलो. जुनी दगडाची खाण, तिच्यात पाणी साठलेलं, भोवती फिरायला वाट. निशिकांतराव तिथे जरा मोकळे बोलतात. त्यांच्या कंपनीत जहाजांच्या एजंटांसाठी सॉफ्टवेअर बनतं, एवढं मला ठाऊक होतं. त्या दिवशी त्यांनी आपलं नेमकं काम सांगितलं. एजंट मोबाइलवरून माहिती पाठवतो: माणूस कोण, जहाज कुठलं, हुद्दा काय, प्रमाणपत्रं कुठली आणि ती कधीपर्यंत चालणारी. ही माहिती प्रोग्रॅममध्ये ज्या दारातून शिरते त्याला ते कंट्रोलर म्हणतात, आणि माहितीच्या भरलेल्या साच्याला मॉडेल. सगळा साचा भरून बाहेरून आला तर दारावर त्याची तपासणी आपोआप होते. त्यासाठी कुणाला काही करावं लागत नाही.

पण एजंट जेट्टीवर उन्हात उभा असतो. तो काही सगळं पुन्हा भरत बसत नाही, बदललं तेवढंच पाठवतो. मग प्रोग्रॅम आतून जुनी माहिती काढतो, त्यात नवा तुकडा बसवतो आणि ठेवून देतो. ही जोडलेली माहिती आपोआप कुणीच तपासत नाही, कारण ती दारातून आलेलीच नाही, आत तयार झालीय. तेव्हा जोड झाली की तपासणीला मुद्दाम, आपल्या हातानं, सांगावं लागतं की बाई, आता हिच्याकडेही बघ. निशिकांतरावांनी तशी एक ओळ लिहून ठेवली होती. त्यांचे साहेब मिस्टर टॅन यांना ती मान्य नव्हती. तुकडा तपासला, जुनं तर कधीच तपासलेलं आहे, मग पुन्हा कशाला, ॲप हळू चालतं, असं त्यांचं म्हणणं. तुकडा बरोबर आणि जुनंही बरोबर, म्हणून जोड बरोबर असेलच असं नाही, असं निशिकांतरावांचं. यावर ऑफिसात वर्षभर कुरबुर चालली होती. मी "हो का, वा," असं म्हणत होतो. तळ्यात एक भला मोठा मासा फिरत होता आणि माझं सगळं लक्ष त्याच्याकडे होतं.

दुसऱ्या दिवशी शनिवार. आम्ही पोहे खात बसलो होतो आणि आमच्या कंपनीच्या मुंबई ऑफिसचा फोन आला. मी इथे आलो होतो ते एका कोळशाच्या जहाजावर सेकंड इंजिनिअर म्हणून जायला. सेकंड म्हणजे इंजिनरूममधला दोन नंबरचा, हाताखाली माणसं असणारा आणि डोक्यावर चीफ असणारा. फोनवरच्या माणसाने सांगितलं की बेत बदललाय. सिंगापूरबाहेर नांगर टाकून उभ्या असलेल्या गॅसवाहू जहाजाच्या चीफ इंजिनिअरला अपेंडिक्सच्या दुखण्याने किनाऱ्यावर आणलंय. तुमच्याकडे चीफचं लायसन्स आहे, तेव्हा तुम्ही त्या जहाजावर जा, चीफ म्हणून. जहाजापर्यंत नेणारी लाँच पाच वाजता. कोळशाच्या जहाजावर आधीचाच सेकंड थांबायला तयार झाला आणि ते जहाज सकाळीच निघून गेलं.

चीफची परीक्षा पास होऊन मला नऊ वर्षं झाली होती. नऊ वर्षं मी दुसऱ्यांना चीफ झालेलं बघत होतो. त्यातले दोघं माझ्या हाताखाली शिकलेले. त्या फोननंतर मी गॅलरीत गेलो, वाळत घातलेल्या कपड्यांआड उभा राहिलो आणि डोळे पुसले. यात लपवण्यासारखं काही नाही. मग संजीवनीला कळवलं. पुढच्या पंधरा मिनिटांत ठाण्यापासून डोंबिवलीपर्यंत सगळ्यांना कळलं होतं, त्यात आमचे इस्त्रीवालेही आले. सासऱ्यांनी फोनवर मला 'चीफसाहेब' म्हटलं. लग्नाला सतरा वर्षं झाली, पण त्यांनी मला 'साहेब' म्हणण्याची ही पहिलीच वेळ. शुभदाने शिरा केला. निशिकांतरावांनी माझा हात हातात घेऊन इतका वेळ हलवला की गार्गी हसायला लागली.

दुपारी दोनच्या सुमाराला एजंटचा फोन आला. त्याने मोबाइलवरून माझ्या माहितीत जहाजाचं नाव आणि हुद्दा बदलला होता, पण ॲप लाल खूण दाखवत होतं, आणि हिरवी खूण आल्याशिवाय लाँचचा पास निघत नाही. सिस्टिमची गडबड आहे बॉस, होऊन जाईल, असं तो म्हणाला. त्याच वेळी आतल्या खोलीत निशिकांतरावांचा फोन वाजत होता. ॲप त्यांच्याच कंपनीचं, म्हणून एजंटने तिकडेही तक्रार केली होती; मिस्टर टॅन बोलत होते, आणि ते इतक्या मोठ्याने बोलत होते की मला बाहेर ऐकू येत होतं. टुडे ओन्ली, ती तपासणी काढून टाक, कॅन ऑर नॉट?

निशिकांतराव लॅपटॉप काखेत धरून बाहेर आले. चेहरा उतरलेला. लाल खूण कशाची, ते त्यांनी बघितलं होतं. जहाजाचं नाव बरोबर होतं. चीफचा हुद्दाही बरोबर, लायसन्स होतं. माझी जुनी माहितीही कोळशाच्या जहाजासाठी ठणठणीत होती. पण जोडून बघितलं तर मी गॅसच्या जहाजावर निघालो होतो, आणि गॅसच्या जहाजासाठी जे वेगळं प्रशिक्षण लागतं त्याच्या माझ्या प्रमाणपत्राची मुदत संपली होती.

संपली होती हे खरंच आहे. ते दर पाच वर्षांनी नवं करावं लागतं. एका सुट्टीत पुतणीचं लग्न निघालं, दुसऱ्या सुट्टीत बाथरूमच्या फरश्या, तिसऱ्या सुट्टीत संजीवनी म्हणाली की आता तरी चार दिवस घरी बसा, म्हणून घरी बसलो. जहाजावरच्या कुठल्याही माणसाला विचारा, त्याचा एखादा कागद असाच पुढच्या सुट्टीवर ढकललेला असतो. आणि कोळशाच्या जहाजावर तो कुणी विचारतही नाही.

मी भडकलो. गॅसच्या जहाजांवर मी दोनदा जाऊन आलोय, कोर्स केलाय, तिथलं इंजिन मला तोंडपाठ आहे, तुम्ही जहाज बघितलंय ते ईस्ट कोस्टच्या चौपाटीवर भेळ खात बसून, असं मी त्यांना सुनावलं. ते म्हणाले, बरोबर आहे. एका ओळीपायी तुम्ही माझी नऊ वर्षं मातीत घालताय, असं म्हटलं. ते म्हणाले, तसं होतंय खरं. समोरचा प्रत्येक वाराला मान डोलावत असेल तर भांडणाऱ्याची फार दमछाक होते. शुभदा माझ्या बाजूने उतरली. ताईला मी काय तोंड दाखवू, साहेब स्वतः काढा म्हणतायत तर तुमचं काय जातंय, असं ती त्यांना म्हणाली. गार्गी आपल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

निशिकांतरावांनी लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर माझ्यासमोर ठेवला. पडद्यावर इंग्रजी शब्दांच्या रांगा होत्या. त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं.

"ही ओळ," ते म्हणाले. "टॅनसाहेबांची परवानगी आहे. ही काढली की दहा मिनिटांत हिरवी खूण येईल. तुम्ही सांगा, मी काढतो."

"एकट्या माझ्यापुरती काढता येईल?"

"येईल. पण तशी नाही काढणार. काढली तर सगळ्यांसाठी काढीन. तुमच्या जहाजावर जाणारे दोघं अडकलेत, पद्माकरराव. तुम्ही, आणि कुणी गुरुप्रसाद म्हणून आहेत."

गुरुप्रसाद आमचा फिटर. मालवणकडचा, माझ्याहून वयाने मोठा, जहाजावर लोखंड कापायचं, जोडायचं काम त्याचं. आम्ही दोघं तीन जहाजांवर बरोबर होतो. कोळशाच्या जहाजावरून त्यालाही माझ्याबरोबरच इकडे वळवलं होतं आणि मला कुणी ते सांगितलं नव्हतं. मी त्याला फोन लावला. तो एजंटच्या हॉटेलात बॅग भरून, बूट घालून बसला होता. चीफ झाल्याबद्दल त्याने आधी माझं अभिनंदन केलं आणि म्हणाला की तुम्ही आहात म्हणून मी काही न विचारता हो म्हटलं. मी विचारलं, गॅसच्या जहाजाचा कोर्स कधी केला होतास का?

"नाय सायबानू," तो म्हणाला. "पण वेल्डिंग तां वेल्डिंगच मां?"

मी फोन ठेवला. ज्याने गॅसचं जहाज बघितलं नाही त्याला कसं सांगू. तिथे डेकवर पाइपांचं जाळं असतं आणि त्यातल्या कुठल्या पाइपाजवळ ठिणगी पाडायची नाही हे शिकवावं लागतं, नुसत्या अनुभवाने ते कळत नाही. अनुभव येईपर्यंत माणूस उरत नाही. गुरुप्रसादच्या हातात वेल्डिंगची पेटती कांडी असणार, आणि 'कर' म्हणून सांगणारा चीफ मी. तो मला विचारणार नव्हता. 'तुम्ही आहात म्हणून' हे त्याने आत्ताच सांगितलं होतं.

माझ्या एकट्याचा प्रश्न असता तर मी निशिकांतरावांना ती ओळ काढायला लावली असती. आजही मला तसंच वाटतं. मला गॅस माहीत आहे, माझा फक्त कागद जुना झाला होता, आणि नऊ वर्षं थोडी नसतात. मी त्या पडद्याकडे बघत बसलो. त्या ओळीत मला ओ की ठो कळत नव्हतं. निशिकांतराव उभेच होते. शुभदा स्वयंपाकघराच्या दारात पदराने हात पुसत होती, ते हात केव्हाचे कोरडे झाले होते.

"राहू द्या ती ओळ," मी म्हटलं.

एजंटला मीच फोन केला. आम्ही दोघंही येत नाही, गॅसची प्रमाणपत्रं असलेली माणसं शोधा, असं सांगितलं. तो इंग्रजीत, मग चिनी भाषेत, बरंच काही बोलला, त्यातलं इंग्रजीतलं तेवढं मला समजलं. मग मुंबई ऑफिसला फोन केला. तिथे दुबईकडे निघालेला एक चीफ विमानतळावरून वळवायचं ठरलं. जहाज रात्रीपर्यंत खोळंबलं आणि दुसऱ्याच कुणाला तरी घेऊन गेलं. गुरुप्रसादला सांगितलं तेव्हा तो एवढंच म्हणाला की बूट नवे आहेत, जरा चालून येतो. आम्हा दोघांची परतीची तिकिटं मंगळवारची निघाली. पुढची जागा केव्हा रिकामी होईल ते ऑफिसातल्या कुणालाच सांगता येईना.

मग निशिकांतराव आत गेले आणि चहा करून घेऊन आले. शुभदा म्हणते की त्यांच्या लग्नानंतर त्यांनी आपण होऊन केलेला तो पहिला चहा. फार वाईट झाला होता. आम्ही दोघंही तो प्यायलो. मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. साडूसाडूंमध्ये असं करायची पद्धत नाही. मला रडू आलं, आणि या खेपेला गॅलरीत जायचंही सुचलं नाही.

सहाला संजीवनीचा फोन आला. तिच्या मागे बरेच आवाज होते, शेजारपाजारचे जमलेले असावेत. कुणीतरी पेढे वाटत होतं. तिला अजून कुणी काही कळवलं नव्हतं. शुभदाने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

"काय हो," संजीवनीने विचारलं, "झालात ना एकदाचे चीफ?"

"झालो," मी म्हटलं. "दुपारीच झालो. जहाज पुढच्या वेळी."